पाणी तिरकं आहे

सोमवार, ४ मार्च. सकाळी १०.१५

आजपासून नवीन आयुष्य. (मागचं नवीन आयुष्य जानेवारीत सुरू केलं होतं, पण त्या वहीवर चहा सांडला. ही वही चांगली आहे. पानं जाड.)

परिस्थिती थोडक्यात. मी ताईकडे राहतो, त्याला सव्वा महिना झाला. ताई म्हणते तीन महिने. मोजायची पद्धत ज्याची त्याची. भावजींना बीपी आहे. डॉक्टरांनी सांगितलं, रोज अर्धा तास मासे बघत बसा, डोकं शांत होतं. म्हणून भावजींनी तीन फुटी काचेची टाकी घेतली आणि घेता घेता माशांच्या दुकानाच्या मालकाला विचारलं, आमच्या मेहुण्यासाठी काही काम आहे का हो. मालक म्हणाला, लोकांच्या घरी जाऊन टाक्या बसवायला माणूस हवाच आहे, पण अनुभव? भावजींनी घरी येऊन मला विचारलं. मी म्हटलं, आहे की. खोटं नाही. घरसामानाच्या ट्रकवर होतो तेव्हा एक टाकी उचलली होती. डावी बाजू माझ्याकडे होती.

तर फायनल असं झालं: घरातली टाकी मी बसवायची. रविवारी, १७ तारखेला, मालक स्वतः मासे घेऊन येणार आणि काम बघणार. पसंत पडलं तर सोमवारपासून नोकरी. नाही पडलं तर ताई मामाला फोन करणार आणि मी मामाच्या कोंबड्यांच्या शेडवर. पहाटे पाचला खाद्य, साडेपाचला घाण काढणे. तिथे मागे नऊ दिवस काढलेत. त्याबद्दल इथे लिहिणार नाही, वही चांगली आहे.

तेरा दिवस आहेत. काम दोन तासांचं. आजच उरकतो. उरलेल्या बारा दिवसांत इंग्रजी सुधारायचं.

सोमवार. संध्याकाळी ६

उरकलं नाही. टाकीबरोबर सूचनांचा कागद आला आहे. पहिल्या चार ओळी वाचल्या. टाकी सपाट स्टँडवर ठेवावी, टाकीखाली फोमची शीट अंथरावी. पुढे बरंच काही होतं, पण कागदाची मागची बाजू कोरी दिसली आणि मला माझ्या भावी दुकानाच्या पाटीची कल्पना सुचली. पाटी छान आली. अक्षरांना सावली दिली.

कागद आता सापडत नाही. हरकत नाही, मुद्दा लक्षात आहे. फोम.

मंगळवार, ५ मार्च. दुपारी

स्टँड बघितला. लाकडी, ठेंगणा, हत्ती उभा राहील असा. अण्णांनी स्वतः बनवलेला. अण्णा म्हणजे भावजींचे वडील, निवृत्त सुतार, वय चौऱ्याहत्तर, दिवसभर खिडकीजवळच्या खुर्चीत शेंगदाणे खात बसतात. मला इंजिनिअर म्हणतात. माणसाची पारख आहे.

रिकामी टाकी स्टँडवर ठेवली, तिच्यात ताईच्या स्वयंपाकघरातलं एक अंडं ठेवलं. अंडं डावीकडून निघालं ते उजव्या काचेवर जाऊन फुटलं. म्हणजे डावी बाजू उंच आहे. (पोल्ट्रीचा अनुभव असा कामी येतो.) मोजलं तर पुरता अर्धा इंच. म्हटलं, उजव्या पायांखाली लाकडाची चीप सारतो की झालं. तेवढ्यात भावजींनी मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि कुजबुजले, स्टँड तिरका आहे हा शब्द या घरात काढायचा नाही. शेजारच्यांनी एकदा अण्णांच्या कपाटाचं दार जरा वाकडं लागतंय म्हटलं होतं, तर अण्णा त्यांच्याशी अकरा वर्षं बोलले नाहीत. आणि पायाखाली चीप सारलीस, तर ते बोलल्यासारखंच झालं.

पॉइंट आहे. म्हणजे जे करायचं ते स्टँडच्या वर आणि टाकीच्या खाली. फोमनेच. उजवीकडे जास्त, डावीकडे कमी. बाहेरून कुणाला कळणारही नाही. साध्या माणसाला हे सुचलं नसतं.

बुधवार, ६ मार्च. संध्याकाळी ७

फोम आणायला सकाळी दहाला निघालो. वाटेत एक माणूस घराच्या छपरावर चढून अँटेना फिरवत होता आणि खालून त्याची बायको ओरडत होती, आलं, आलं, गेलं. मी थोडी मदत केली. खालून ओरडायची. मग त्यांनी जेवायला थांबवून घेतलं. मग त्यांच्या भाच्याला बस दाखवून द्यायची होती, तर मी बसमध्ये बसलो. बस छान होती. शेवटच्या स्टॉपपर्यंत गेलो.

फोमचं दुकान बंद झालं होतं. येताना माउथ ऑर्गन घेतला.

ताई म्हणाली, फोम कुठाय? मी म्हटलं, मार्केटचा सर्व्हे केला. ती म्हणाली, सर्व्हे वाजवून दाखव.

गुरुवार, ७ मार्च. दुपारी १२.३०

फोम घरातच होता! काखेत कळसा. ताईची योगा मॅट. जाड, जांभळी, कपाटावर उभी केलेली, धूळ बसलेली. बरोबर मधोमध कापली. एक पट्टा पूर्ण तळाखाली, उजव्या बाजूला आणखी दोन घड्या. टाकी ठेवली, अंडं ठेवलं. अंडं जागचं हललं नाही! पाच मिनिटं बघत उभा राहिलो. अण्णाही बघत होते. विचारलं, काय इंजिनिअर, अंडं उबवतोय का? मी म्हटलं, लेव्हल. ते म्हणाले, वा. आणि शेंगदाण्याचं टरफल फुंकलं.

काम फत्ते. दहा दिवस आधी. उद्या फक्त पाणी भरायचं, ती फॉर्मॅलिटी.

मालकाने इतर टाक्यांची जबाबदारी दिली तर हाताखाली माणूस लागेल. विचार करायला हवा.

शुक्रवार, ८ मार्च. संध्याकाळी ५

पाणी भरलं. दीडशे लिटर, बादलीने, बाथरूमपासून तेवीस फेऱ्या.

पाणी तिरकं आहे.

डाव्या काचेवर काठापासून दोन बोटं खाली, उजव्या काचेवर एक बोट. काल अंडं अगदी सरळ होतं, म्हणजे टाकी सरळच आहे. मग पाणीच तिरकं असणार. असं होऊ शकतं का हे ताईला विचारलं. तिने माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

थोड्या वेळाने लक्षात आलं. दीडशे लिटर म्हणजे दीडशे किलो. फोम दबला. जिथे घड्या होत्या तिथे जास्तच दबला. म्हणजे रिकाम्या टाकीला सरळ असलेला फोम भरलेल्या टाकीला सरळ राहत नाही. हा फोमचा दोष आहे, माझा नव्हे. तरी मी मनावर घेतलं नाही.

भावजींचं बीपी: १४२. मासे नसतानाही ते रोज अर्धा तास टाकीसमोर बसतात. प्रॅक्टिस.

रविवार, १० मार्च. दुपारी

टाकी रिकामी केली. तेवीस फेऱ्या. उजवीकडे आणखी भर घातली: भांडी घासायचे चार स्पंज (नवे), टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल आणि भावजींच्या घरात घालायच्या चपलांचे सोल. डॉक्टरांनीच दिलेल्या, मऊ. पट्टे कापून ठेवलेत, चपलांची वरची बाजू शाबूत आहे.

भरलं. तेवीस फेऱ्या. तिरकं आहे. अगदी थोडं कमी तिरकं, पण आता पुढच्या बाजूलाही झुकतंय.

भावजी चपला शोधत होते. मीही त्यांच्याबरोबर शोधल्या.

सोमवार, ११ मार्च

आज काम केलं नाही. कोपऱ्यावरच्या इमारतीला क्रेन आली आहे. क्रेनवाल्याशी ओळख झाली. तो म्हणाला, वर केबिनमध्ये बसलं की सगळं शहर सरळ दिसतं. क्रेन शिकायला किती दिवस लागतात ते विचारून ठेवलं.

मंगळवार, १२ मार्च. सकाळी ११

महत्त्वाचा शोध. पाणी अर्धंच भरलं तर वजन अर्धं, फोम अर्धाच दबतो, आणि तिरकेपणाही कमी दिसतो. शिवाय अर्धी टाकी मॉडर्न दिसते. वर मोकळी जागा. माशांनाही वर बघायला काहीतरी हवं. ताईला समजावून सांगितलं. ताई म्हणाली, माशांना पोहायला आणतोय की गच्चीवर हवा खायला? भावजी म्हणाले, मेहुणे, पैसे मी पूर्ण टाकीचे दिलेत. मग अण्णांना विचारलं. ते म्हणाले, इंजिनिअर म्हणतोय तर असेल, पण मग उरलेल्या अर्ध्यात काय ठेवायचं, लोणचं?

विचारपूर्वक पुन्हा पूर्ण भरली.

बुधवार, १३ मार्च. सायंकाळ

चार दिवस उरले. टेन्शन नाही. काल झोप लागली नाही ते उकाड्यामुळे. (पंखा चालू होता.)

आज ताईने जेवताना सहजच मामाचा विषय काढला. मामाकडचा शेडचा गडी काम सोडून गेला म्हणे. सहजच बोलली. मग भाजी वाढली, पण दुसऱ्यांदा विचारलं नाही.

ठरवलं: आता लेव्हल या विषयाकडे नव्याने बघायचं. लोकांना टाकी तिरकी दिसते कारण पाण्याची रेघ काठाशी जुळत नाही. रेघ आणि काठ. म्हणजे प्रॉब्लेम टाकीचा नाही, बघण्याचा आहे. हे मला आधी का सुचलं नाही!

गुरुवार, १४ मार्च. दुपारी ३

सुटलं. कायमचं.

काळी चिकटपट्टी आणली. (सरळ गेलो, सरळ आलो. क्रेनकडे फक्त पाहिलं.) टाकीच्या काठाला चारी बाजूंनी लावली: डावीकडे रुंद, उजवीकडे अरुंद, पाण्याच्या रेघेला अगदी समांतर. आता पाणी आणि पट्टीमध्ये सगळीकडे सारखीच अर्ध्या बोटाची जागा. एक नंबर फिनिशिंग.

एकच छोटीशी अडचण. आता पाणी सरळ दिसतं, पण टाकीमागची भिंत विचित्र दिसते. भिंतीवरचं घड्याळ, ताई-भावजींच्या लग्नाचा फोटो, कॅलेंडर, सगळंच टाकीच्या तुलनेत वाकडं वाटायला लागलं. मग ते जुळवून घेतलं. फोटोचा खिळा हलवला, घड्याळाच्या मागे कागदाची घडी घातली, पडद्याचा दांडा डावीकडे दोन बोटं उचलला. सोफाही. एका बाजूच्या पायांखाली चीप सारल्या, त्याबद्दल कुणी काही म्हटलेलं नाही.

आता खोलीत काहीही वाकडं नाही. सगळं एकमेकांशी बरोबर आहे.

अण्णा बराच वेळ बघत होते. हसले नाहीत, पण खांदे हलत होते. मी विचारलं, कसं वाटतं? ते म्हणाले, बोटीत बसल्यासारखं. कौतुकच आहे.

शुक्रवार, १५ मार्च. सकाळी

भावजींचं बीपी १५८. शिवाय त्यांना गरगरतंय. ऑफिसात बरं वाटतं, घरी सोफ्यावर बसलं की गरगरतं. डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी कान तपासले.

ताईची मान आखडली आहे. म्हणते, कळत नाही कशाने, टीव्ही बघताना आपोआप मान कलते. मीही बघितलं, जेवायला बसलो तेव्हा आम्ही चौघंही माना डावीकडे टाकून बसलो होतो. घर एकदिलाने चाललंय असं वाटलं.

नाही म्हणायला थोडं वाईट वाटलं. पण रविवारपर्यंतच. मालक गेला की पडदा सरळ करीन.

शनिवार, १६ मार्च. दुपारी २.१०

टाकीतून टक् असा आवाज आला.

एकदाच. काच सेट होतेय. नवीन फर्निचरही असे आवाज करतं.

२.४०

पुन्हा टक्. उजव्या कोपऱ्यात खालच्या बाजूला एक थेंब दिसला. बाहेरून. पुसला. पुन्हा आला. काचेला घाम येतो, उकाडा आहे. पंखा टाकीकडे वळवला.

३.१५

घाम अजून येतोय. मी तिथेच बसून आहे. कुठेही गेलो नाही. आजवरच्या आयुष्यात मी एका जागी इतका वेळ बसलेलो नाही. रुमाल पिळला.

ताईला सांगावंसं वाटलं. ती समोरच बसून मालकासाठी नवीन कप पुसत होती. म्हणाली, सगळं नीट आहे ना रे? माझ्यासाठी नाही, तुझ्यासाठी विचारतेय. मी म्हटलं, एक नंबर. ती म्हणाली, मग तो रुमाल कशाला पिळतोयस? मी म्हटलं, हात धुतले.

रविवार, १७ मार्च. दुपारी १.३०

सविस्तर लिहितो, म्हणजे पुढे कुणी उगाच दुसरं काही सांगायला नको.

मालक अकराला आला. जाडा, शांत माणूस. हातात पाण्याच्या पिशव्यांमध्ये मासे. दारात उभा राहिला, खोली बघितली आणि हळूच त्याची मान डावीकडे कलली. मग त्याने डोळे मिटले, उघडले आणि भिंतीला हात धरला. म्हणाला, सकाळी नाश्ता केला नाही म्हणून असेल. भावजी म्हणाले, नाही हो, आम्हा सगळ्यांना होतंय, पाण्यातून काहीतरी असावं.

मी म्हटलं, या सर, बघा सर.

तो टाकीसमोर वाकला. पट्टी बघितली. नखाने एक टोक उचललं आणि सावकाश सगळी सोलून काढली. मग उजव्या कोपऱ्यावर बोट फिरवलं, बोट बघितलं आणि एवढंच म्हणाला, बादल्या आणा, आत्ताच्या आत्ता, बोलत बसू नका. या वेळी चौघांनी मिळून रिकामी केली. सोळाच फेऱ्या झाल्या. टीमवर्क.

टाकी खाली उतरवल्यावर मालकाने खालचा माल काढायला सुरुवात केली. योगा मॅट. ताई म्हणाली, अगं बाई. मॅटची दुसरी घडी. चार स्पंज. ताई म्हणाली, आणि मी मोलकरणीला बोलले! मग सोल निघाले. भावजी खाली बसले, आपल्या पायांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

मालक म्हणाला, फोम काचेला गादी म्हणून असतो, उंची द्यायला नाही. आणखी एक दिवस गेला असता तर हा कोपरा सुटला असता. दोष स्टँडचा आहे. स्टँड तिरका आहे.

भावजींनी डोळे मिटले. ताईने कप छातीशी धरला. आम्ही सगळे अण्णांकडे बघायला लागलो.

अण्णा म्हणाले, अहो आहेच तिरका. मीच केलाय तसा. जुन्या घरी मोरीत पाण्याचं पिंप ठेवायला केला होता. तिथल्या जमिनीला नाल्याकडे उतार होता, म्हणून दोन पाय अर्धा इंच लांब ठेवले. तिथे अगदी पाणसळीत होता. इथली फरशी सपाट आहे, इथे तिरकाच बसणार की.

मी म्हटलं, अण्णा, मग सांगितलं का नाही?

अण्णा म्हणाले, तू विचारलंस कुठे? पहिल्या दिवशी वाटलं विचारेल. मग अंडं आलं, मग लोणच्याची टाकी आली, मग खोलीच वाकली. आता हे सोडून मधेच कोण बोलेल? टीव्हीवर काय लागतं हल्ली.

भावजी म्हणाले, आणि शेजारच्यांनी नावं ठेवलेल्या कपाटाचं? अण्णा म्हणाले, कपाट सरळ होतं. म्हणून तर राग आला.

मग ते उठले. खाटेखालून हत्यारांची पिशवी काढली, दोन पायांवर पेन्सिलीने खूण केली आणि करवत चालवली. दोन पाय, बारा मिनिटं. वर बुडबुडेवाली नळी ठेवली, तिला ते पाणसळ म्हणतात. बुडबुडा बरोबर मधोमध. मालक खाली वाकून स्टँडचे सांधे बघत बसला. एकही खिळा नाही म्हणाला, तीनदा म्हणाला. मग विचारलं, माझ्या दुकानासाठी असे स्टँड कराल का? अण्णा म्हणाले, खुर्चीत बसून बूड दुखायला लागलंय, उद्यापासून येतो.

म्हणजे एका अर्थी आमच्या घराचं सिलेक्शन झालं.

माझ्याबद्दल मालक जाताना भावजींशी दारात हळू आवाजात बोलला. मला नीट ऐकू आलं नाही. "काचेजवळ" आणि "कधीच" हे दोनच शब्द आले. बहुधा काचेजवळ असं काम कधीच पाहिलं नाही, असं काहीतरी. कोपरा सांधायला टाकी त्याने नेलीय, उद्या आणून देणार. मासे तोवर बादलीत.

सोमवार, १८ मार्च. संध्याकाळी ६.३०

अण्णा सकाळी साडेआठला हत्यारांची पिशवी घेऊन कामावर गेले. ताईने डबा दिला, भावजी दारापर्यंत सोडायला गेले. टाकी दुपारी आली. मालकानेच बसवली, पाणी भरलं, मासे सोडले. पाण्याची रेघ काठाला अशी चिकटून आहे की बघवत नाही. भावजींचं बीपी १३४.

पाच वाजता ताईने मामाला फोन केला. मी आत बॅग भरत होतो. माझं आधीच ठरलं होतं की जायचं नाही, मामाने कितीही आग्रह केला तरी. पण बॅग भरलेली बरी. ताईचंच बोलणं ऐकू येत होतं. हो मामा. नाही, कळतं रे मला. अजून? इतके महिने? अरे देवा. बरं. बरं, ठेवते.

आत येऊन म्हणाली, मामा नाही म्हणतो. तुझ्या त्या नऊ दिवसांतून कोंबड्या अजून सावरल्या नाहीत म्हणे. तू नुसता दिसलास तरी अंडी बंद करतील.

मी म्हटलं, बघ, मीच नाही म्हणणार होतो.

ताईने मोठा सुस्कारा टाकला. खूप वाईट वाटलं असणार बिचारीला. मग तिने बॅगेतून माझे कपडे काढून पुन्हा कपाटात ठेवले, घड्या घालून, मी घातल्या होत्या त्यापेक्षा नीट. मला बाहेर घेऊन आली, टाकीसमोर खुर्ची ठेवली आणि म्हणाली, बस इथे. कशाला हात लावू नकोस, काही सुचलं तरी उठू नकोस. नुसता बस, अर्धा तास.

बसलो. ६.०५ ते ६.१२.